नाताळचा केक आणि कागदी मुकुट

इ. स. १६६९ च्या जानेवारीची सहावी तारीख. आरमार खात्यांतील एक मोठा अधिकारी आणि पुढें आपल्या दैनंदिनीमुळें इंग्रजी वाङ्मयांत अमर झालेला सॅम्युएल पीप्स ह्याच्या लंडनमधील घरीं पाहुणे जमले होते. नाताळानंतरचा हा बारावा दिवस. यजमानानें मोठा केक बाहेर आणला. जुन्या रिवाजाप्रमाणें अशा केकच्या पिठांत घेवड्याचा एक दाणा आणि एक वाटाणा घालून तो भाजीत. ज्याच्या तुकड्यांत घेवडा निघे तो त्या रात्रीचा राजा आणि जिच्या वाट्याला वाटाणा येई ती राणी. त्या वर्षीं मात्र पीप्सच्या घरीं नवी टूम निघाली. दाणे शोधतांना चांगल्या केकचा विचका होतो, म्हणून राजा, राणी इत्यादि पदव्यांच्या चिठ्ठ्या एका टोपींत टाकल्या आणि प्रत्येकानें एकेक उचलली. यजमानाला निघालें राणीपद. राजेपद गेलें एका तरुण नातलग मुलीकडे! आदल्या वर्षीं ह्याच दिवसाच्या केकला जवळजवळ २० शिलिंग खर्च आला आणि त्याचे २० तुकडे केले, असेंही पीप्सनें टिपून ठेवलें आहे. तो केक केला होता जेन नांवाच्या घरच्या मोलकरणीनें. २० शिलिंग म्हणजे एक पौंड. आणि त्या काळीं मोलकरणीचा सबंध वर्षाचा पगार असे अवघा कांहीं पौंडांचा.

दाणा पिठांतून निघून कागदावर गेला, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु आज जगभर ज्या रीतीनें नाताळ साजरा होतो त्याची घडण समजून घ्यावयाची असेल, तर धर्मशास्त्रापेक्षां ह्या दोन वस्तूंच्या मागें जाणें अधिक फलदायी ठरतें : एक भट्टींतलें पीठ आणि दुसरा कातरींतला कागद. सणाची तारीख जुनी आहे. रोम येथें इ. स. ३५४ मध्यें तयार झालेल्या एका पंचांगांत २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून नोंदलेला सांपडतो. त्याच्याही पूर्वीं रोमन लोक १७ डिसेंबरपासून शनिदेवाचा उत्सव करीत. त्या दिवसांत गुलामांना मोकळीक मिळे, आणि मेणबत्त्या व मातीचीं लहान चित्रें भेट म्हणून दिलीं जात. घेवड्याच्या राजाचें मूळ पुष्कळ पंडित तेथवर नेतात. तें खरें असो वा नसो, सहा जानेवारीचा राजा आपल्यालाही अपरिचित नाहीं. गोव्यांत वेरें येथील रेइश मागुश, चांदर आणि कांसावली ह्या ठिकाणीं त्या दिवशीं तीन राजांचा उत्सव भरतो आणि गांवचीं मुलें मुकुट घालून राजे होतात. ‘नाताळ’ हा आपला शब्दसुद्धां पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे.

भट्टीची कथा मात्र जर्मनींत सुरू होते. न्यूरेंबर्ग शहराच्या भोंवतीं सम्राटांच्या मालकीचीं दाट अरण्यें होतीं आणि त्यांत मधमाश्या पाळण्याचा मोठा उद्योग चाले. साखर ही त्या काळीं श्रीमंतांची चीज. सामान्यांची गोडी मधांतली. दुसरें म्हणजे व्हेनिसहून आल्प्स पर्वत ओलांडून उत्तरेकडे जाणारा व्यापारी माल ह्या शहरीं उतरे. त्या मालांत मिरीं आणि सुंठ असे, आणि तें आपल्याच मलबार किनाऱ्यावरून अरबांच्या गलबतांनीं तांबड्या समुद्रापर्यंत व पुढें अलेक्झांड्रियामार्गें व्हेनिसला पोंचलेलें असे. मध आणि मसाला एके ठिकाणीं आले आणि त्यांतून मसाल्याच्या वड्यांची एक जात निपजली. तिला तिकडे लेबकूखन म्हणतात. हा माल करणाऱ्या भट्टीवाल्याचा न्यूरेंबर्गांतील पहिला उल्लेख १३९५ सालचा आहे आणि १६४३ मध्यें त्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. मधामुळें ओलावा धरून राहतो, म्हणून ह्या वड्या महिनेच्या महिने टिकतात. कणीक भिजवून कित्येक आठवडे मुरत ठेवण्याची चालही होती. लांकडाच्या कोरीव साच्यांत दाबून त्यांच्यावर स्वार, संत, पाळण्यांतलें मूल अशीं चित्रें उठवीत. १४८७ मध्यें सम्राट तिसरा फ्रेडरिक ह्यानें शहरांतील सुमारें ४,००० मुलांना बोलावून आपली छबी उठविलेल्या वड्या वांटल्या. पुढें एकोणिसाव्या शतकांत रंगीत छपाई स्वस्त झाली तेव्हां साच्यांचें काम मागें पडलें आणि छापील कागदी चित्रें वडीवर साखरेच्या पाकानें चिकटविण्यांत येऊं लागलीं. मुलें वडी खात आणि चित्र वहींत जपून ठेवीत.

ह्याच वड्यांचीं घरें करण्याची हौस ग्रिम बंधूंच्या ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ ह्या गोष्टीनंतर पसरली, असें मानतात. गंमत अशी कीं १८१२ च्या मूळ आवृत्तींतील चेटकिणीचें घर मसाल्याच्या वड्यांचें नव्हतेंच. तें पावाचें होतें, छप्पर केकचें आणि खिडक्या साखरेच्या. भट्टीवाल्यांनीं ग्रंथांतला मजकूर आपल्या मालाप्रमाणें सुधारून घेतला, आणि आतां सर्व जगाला तोच खरा वाटतो!

ड्रेस्डेनच्या स्टॉलेन नांवाच्या पावाची हकीगत ह्याहून गंभीर आहे. नाताळपूर्वींचे आठवडे उपवासाचे. त्या काळांत लोणी वर्ज्य. मग सणाचा पाव तेलांत करावा लागे, आणि त्या थंड देशांत ऑलिव्हचें तेल पिकत नाहीं; जें मिळे तें बियांचें उग्र तेल. सॅक्सनीच्या राजबंधूंनीं रोमकडे अर्ज केला. १४९१ मध्यें पोप आठवा इनोसेंट ह्यानें पत्र पाठवून लोणी वापरण्यास परवानगी दिली. अर्थात् त्याबद्दल धर्मकार्यासाठीं द्रव्य भरण्याची अट होतीच. इतिहासांत हें ‘लोण्याचें पत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. स्वयंपाकघरांत काय घालावें हें दूरच्या धर्मपीठानें ठरवावें आणि त्याची किंमतही घ्यावी, ह्या गोष्टीचा राग पुढील पिढींत मार्टिन ल्यूथरच्या लेखणींतून बाहेर पडला. लोणी खाण्याच्या विकत मिळणाऱ्या परवानग्यांवर त्यानें कडक टीका केली. १७३० मध्यें ह्याच सॅक्सनीच्या ऑगस्टस राजानें लष्करी मेळाव्यासाठीं सुमारें १.८ टन वजनाचा स्टॉलेन भाजविला, तोही ऐन जून महिन्यांत. राजेलोकांच्या हौसेला पंचांग लागत नाहीं.

पीठ आणि कागद एकाच झाडावर दिसतात तें स्ट्रासबुर्ग येथें, १६०५ च्या सुमारास. तेथील लोक नाताळांत देवदारासारखीं सूचिपर्णी झाडें घरांत उभीं करितात आणि त्यांवर रंगीबेरंगी कागदाचीं कापलेलीं गुलाबाचीं फुलें, सफरचंदें, पातळ पापड्या, बेगड आणि साखर टांगतात, असें एका प्रवाशाच्या टिपणांत आढळतें. त्यांत कांचेचे गोळे नाहींत, विकत आणलेली शोभेची वस्तु फारशी नाहीं. जें आहे तें घरांतल्या हातांनीं कापलेलें वा भाजलेलें.

इकडे इंग्लंडांत ह्या सणावर मोठें गंडांतर आलें. प्यूरिटन पंथाच्या लोकांना नाताळांतील खाणें, पिणें, जुगार आणि धुडगूस मुळींच पसंत नव्हता. बायबलांत ह्या सणाची आज्ञा नाहीं, असा त्यांचा आक्षेप. राजा आणि पार्लमेंट ह्यांचें युद्ध चालू असतां जून १६४७ मध्यें पार्लमेंटनें नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द ठरविले. (ह्या बंदीचें खापर क्रॉमवेलच्या माथीं फोडण्याची पद्धत आहे, पण तो सत्ताधीश झाला १६५३ मध्यें.) त्याच वर्षींच्या २५ डिसेंबरला कँटरबरीच्या नगराध्यक्षानें बाजार भरलाच पाहिजे असें फर्मान काढलें. थोड्या दुकानदारांनीं दुकानें उघडलीं. जमावानें त्यांचा माल रस्त्यावर फेंकला, घरांच्या दारांशीं हिरव्या हॉलीच्या डहाळ्या उभ्या केल्या आणि भर रस्त्यांत चेंडू खेळण्यास सुरुवात केली. गांव कांहीं काळ दंगेखोरांच्या हातीं गेलें. पुढें मे १६४८ मध्यें त्यांच्यावर खटला उभा राहिला, तों पंचांनीं आरोप दाखल करण्यासच नकार दिला आणि प्रकरण चिघळून केंट परगण्यांत बंड झालें. समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ मध्यें नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड ठरला; तो कायदा १६८१ पर्यंत टिकला.

१६६० मध्यें इंग्लंडांत राजेशाही परत आली आणि तिच्याबरोबर सणही परत आले. पीप्सचा केक हा त्या परतलेल्या सणाचाच होय. त्याच्या टोपींतील चिठ्ठ्यांचा पुढें व्यापार झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे कागदविके बाराव्या रात्रीच्या सोंगांचे छापील ताव विकूं लागले. ताव घरीं आणावा, कातरीनें चौकोन कापावे, घड्या घालून टोपींत टाकावे आणि ज्याला जें सोंग निघेल तें त्यानें रात्रभर वठवावें. त्याच दिवशीं मिठाईवाल्यांच्या खिडक्यांत साखरेच्या मुकुटांनीं मढविलेले भव्य केक मांडले जात आणि ते पाहण्यास गर्दी लोटे.

परंतु ज्या सणाला प्यूरिटनांच्या कायद्यानें मारतां आलें नाहीं, त्याला कारखान्याच्या घड्याळानें जवळजवळ मारलें. ह्याचा बोलका पुरावा बँक ऑफ इंग्लंडच्या सुट्ट्यांत आहे. १८३४ पर्यंत ही पेढी वर्षांतून सुमारें ३३ धार्मिक दिवस बंद राहत असे. त्या वर्षीं ही संख्या एकदम चारवर आणली. नाताळचा एक दिवस तेवढा राहिला. बारा दिवसांचा सण एका दिवसांत कोंबावयाचा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापुढें होता. जो नाताळ आपण प्राचीन समजतों तो बहुतांशीं ह्या कोंबाकोंबींतून जन्मला आहे.

१८४३ हें वर्ष ह्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तीनच वर्षांपूर्वीं एका पेनीच्या टपालाची योजना सुरू झाली होती. तिच्या खटपटींत असलेल्या हेन्री कोल ह्या गृहस्थाला नाताळांत येणाऱ्या ढीगभर पत्रांस उत्तरें लिहिण्यास सवड होईना. त्यानें हॉर्स्ले नांवाच्या चित्रकाराकडून एक पत्रिका काढून घेतली, छापली आणि उरलेल्या प्रती विकावयास ठेवल्या. मध्यें एका कुटुंबाचें मेजवानीचें चित्र, दोन्ही बाजूंस गरिबांना अन्नवस्त्र देण्याचीं चित्रें. मेजावरील लहान मूलही मद्याचा पेला ओठास लावीत आहे, म्हणून मद्यनिषेधक मंडळी संतापलीं. त्याच डिसेंबरांत, १९ तारखेस, चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ बाहेर पडली आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या ६,००० प्रती संपल्या. पत्रिकेची किंमत एक शिलिंग, पुस्तकाची पांच. कथेंतल्या बॉब क्रॅचिट कारकुनाचा आठवड्याचा पगार १५ शिलिंग! म्हणजे ज्याच्या कळवळ्यानें पुस्तक लिहिलें त्यानेंच तें विकत घ्यावयाचें तर दोन दिवसांची मजुरी मोजावी लागली असती. त्याच साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड ह्यानें केक फुगविण्याची पूड तयार केली. तोंपर्यंत केक फुगवावयाचे म्हणजे दारूच्या भट्टीवरचें फसफसतें किण्व तरी हवें, नाहींतर अंडीं तासभर घोटावयास हवीं.

डिकन्सच्या त्या कथेंत एक तपशील आहे, तो आपण सहज वाचून सोडून देतों. क्रॅचिटच्या घरचें हंस पक्ष्याचें भाजणें घरीं होत नाहीं. मुलें तें पाववाल्याच्या भट्टीवरून घेऊन येतात. इंग्लंडच्या शहरांतील गरिबांच्या खोल्यांत चूल असे, पण भट्टी नसे. रविवारीं आणि नाताळच्या दिवशीं पाव भाजण्यास कायद्यानें बंदी होती, परंतु भट्ट्या तर तापलेल्याच असत. म्हणून पाववाले थोडे पैसे घेऊन शेजारपाजारच्यांचीं भांडीं आंत ठेवून देत. शेकडों घरांचा सण एका भट्टींत शिजे. हंसासाठीं गरीब माणसें कित्येक आठवडे आधींपासून भिशीसारख्या मंडळांत पेनी-पेनी भरीत. सण पोटाला चिमटा घेऊन साधावा लागतो, हें ज्ञान आपल्याकडील दिवाळीच्या फराळाला नवें नाहीं.

झाडाची गोष्टही कागदानेंच पसरविली. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या जर्मन राणीनें, शार्लटनें, १८०० मध्यें विंडसर येथें मुलांसाठीं झाड शृंगारलें होतें. पण तें राजवाड्यांतच राहिलें. १८४८ मध्यें ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नें राणी व्हिक्टोरिया, तिचा पति आल्बर्ट आणि मुलें झाडाभोंवतीं उभीं असलेलें चित्र छापलें आणि थोड्याच वर्षांत मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत झाडें आलीं. १८५० मध्यें तेंच चित्र अमेरिकेंतील एका स्त्रियांच्या मासिकानें छापलें. राणीच्या डोक्यावरील मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा तेवढ्या पुसून टाकल्या, म्हणजे झालें सामान्य अमेरिकन कुटुंब! पुढें १८६१ मध्यें इंग्लंडांत कागदावरील कर उठला आणि १८७४ मध्यें साखरेवरील. ह्या दोन तारखा नाताळच्या इतिहासांत क्वचितच सांगतात. वस्तुतः कागदाच्या सांखळ्या आणि साखरेचें लेणें गरिबाच्या घरीं पोंचण्याचें श्रेय कोणत्याही कवीपेक्षां त्यांना अधिक आहे.

घेवड्याच्या राजाचें काय झालें? सहा जानेवारीची सुट्टी गेली, तसा त्याचा केक २५ डिसेंबरकडे सरकला आणि नाताळचा केक झाला. मुकुट मात्र कांहीं वर्षें भटकत राहिला. टॉम स्मिथ नांवाच्या लंडनच्या मिठाईवाल्यानें पॅरिसमध्यें कागदांत पिळून बांधलेल्या बदामाच्या गोळ्या पाहिल्या आणि १८४७ च्या सुमारास तसा माल काढला. खप बेताचा झाला, म्हणून आंत प्रेमाच्या ओळींची चिठ्ठी घातली. तेवढ्यानेंही भागेना, म्हणून बाराची युक्ति काढली. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून मध्यें रुप्याच्या एका स्फोटक क्षाराचा कण लावावयाचा. दोघांनीं दोन टोकें ओढलीं कीं घर्षणानें फट्कन आवाज होतो. त्याच्या मुलाच्या कारकीर्दींत आंत पातळ रंगीत कागदाचा मुकुट येऊं लागला. बाराव्या रात्रीचा राजा बहुधा तोच. आतां मात्र मेजावरचा प्रत्येक जण राजा होतो, त्यामुळें कोणालाच आज्ञा करतां येत नाहीं.

हे मुकुट कोणी चिकटविले, हेंही सांगावयास हवें. १८९० च्या सुमारास ह्या एका कारखान्यांत २,००० च्या आसपास माणसें होतीं, आणि बार बांधण्याचें काम मुख्यतः स्त्रिया व मुलींकडे असे. जर्मनींत थुरिंजिया प्रांतांत, सोनेबर्गच्या आसपास, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या आणि खेळणीं घरोघरीं होत. आईबापांबरोबर लहान मुलेंही रात्रीं उशिरापर्यंत रंगवीत बसत, आणि तीं खेळणीं जहाजांत बसून न्यूयॉर्कला जात. मुलांचा सण म्हणून ज्याचा गौरव झाला, तो असा मुलांच्याच बोटांवर उभा होता.

ह्याच्या उलट एक सुखाची गोष्ट सॅक्सनीच्या परिसरांतील नीस्की गांवच्या वसतिशाळेची. मोरेव्हियन पंथाचे उपदेशक ग्रीनलंड, सुरिनाम अशा दूर देशीं जात आणि त्यांचीं मुलें ह्या शाळेंत वर्षानुवर्षें राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें भूमितीच्या धड्यांतून कागदी तारा करण्याची प्रथा पडली. त्याची रचना शिक्षकानें मुद्दाम समजावून सांगावी अशी आहे. २६ पृष्ठांची एक घनाकृति घ्यावी : १८ चौरस आणि ८ त्रिकोण. वरचा एक चौरस टांगण्यासाठीं मोकळा सोडावा आणि उरलेल्या प्रत्येक पृष्ठावर निमुळता कागदी शंकु बसवावा. २५ टोकांचा तारा तयार! आंत दिवा लावला कीं सर्व भूमिति उजळते. आईबापांपासून हजारों मैल दूर असलेल्या मुलांनीं सणाचे आठवडे ह्या कामांत घालविले. ते तारे शतकाच्या अखेरीस जवळच्या हेर्नहूट गांवीं विक्रीसाठीं होऊं लागले, आणि आजही तेथें हातानेंच होतात.

गोव्यांत आणि वांद्र्याला नाताळांत दारावर झळकणारा तारा पांच टोकांचा असतो. त्याच्या बांबूच्या कामट्या, त्यावरचा पतंगी कागद, चिकटविण्याची खळ हें सर्व दोन महिन्यांपूर्वीं आपल्या आकाशकंदिलाला लागलेलेंच सामान. स्वयंपाकघरांतही तोच प्रकार. गोव्याच्या नाताळांतील नेवऱ्या ह्या आपल्याच करंज्यांच्या बहिणी. दोदोल नारळाच्या रसाचा आणि गुळाचा. बेबिंका तेवढी थरावर थर भाजून करावी लागते. हीं पक्वान्नें ताटांत भरून शेजारच्या हिंदु घरीं जातात आणि त्या घरचीं चवथीला इकडे येतात. मलबारांतून सुंठ-मिरीं न्यूरेंबर्गला गेलीं, त्या मलबारांत केक परत आला तो १८८३ मध्यें, असें तेथें सांगतात : तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापू ह्या भट्टीवाल्यानें एका इंग्रज मळेवाल्याचा केक चाखून पाहिला आणि परदेशी मद्याच्या जागीं काजूच्या बोंडांची गावठी दारू घालून तसाच करून दाखविला.

ह्या सणाची शेवटची मोठी परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्यें लोणी व साखर शिधापत्रिकेवर आली आणि त्याच वर्षींच्या ऑगस्टपासून केकवर साखरेचें लेणें चढविण्यास सरकारनें मनाई केली. १९४१ मध्यें दुकानदारांनीं वस्तु कागदांत बांधून देण्यावरही निर्बंध आला. मग गाजर किसून पुडिंगांत गोडी आणावयाची आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या रंगवून सांखळ्या करावयाच्या, हें घरोघरीं सुरू झालें. लग्नाच्या केकसाठीं तर भट्टीवाल्यांनीं पांढऱ्या पुठ्ठ्याचे तीन-तीन मजली केक तयार करून ठेवले होते. खालीं टीचभर खरा केक, वर पुठ्ठ्याचा डोलारा. सुरी लावण्याची वेळ आली कीं तो डोलारा अलगद उचलून बाजूला ठेवीत आणि दुसऱ्या दिवशीं तोच पुढच्या घरीं भाड्यानें जाई.